सॉफ्टवेअरच्या आवश्यकता आणि आकृत्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून आलेले आहेत. काही बिझनेस ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे ग्राहकाला सॉफ्टवेअरकडून काय हवे ते समजून घेऊन मांडणारे म्हणून, नुकतेच काम करू लागलेल्यांचे आहेत, तर काही ‘आम्हाला सॉफ्टवेअर हवे आहे, हे चौकोन आणि बाण कशासाठी?’ असे विचारणाऱ्या ग्राहकांचे. उत्तरांत उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे : गावातील सहकारी दूध संस्थेचे संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचे, फॅट काढायची, पावती द्यायची आणि दहा दिवसांनी बिल काढायचे, एवढेच तेथील काम वरवर दिसते. ‘यात कसली आली आकृती’ असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठीच ते निवडले आहे.

दृश्य मॉडेल म्हणजे नेमके काय?

सॉफ्टवेअरने काय करायला हवे याविषयीची माहिती सलग वाक्यांऐवजी ठरलेल्या खुणा वापरून आकृतीत किंवा तक्त्यात मांडली, की तिला दृश्य मॉडेल म्हणतात. फ्लोचार्ट, माहितीमधील नाती दाखवणारी ईआर आकृती, अवस्था आकृती, निर्णय तक्ता, पडद्याचा कच्चा आराखडा म्हणजे वायरफ्रेम, ही सगळी त्याच कुळातली आहेत. यात ‘ठरलेल्या खुणा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बैठकीत फळ्यावर घाईने काढलेल्या चित्रात एक बाण ‘यानंतर हे होते’ असे सांगतो, दुसरा ‘ही माहिती तिकडे जाते’ असे सांगतो आणि तिसरा ‘हा त्याच्या हाताखाली आहे’ असे सांगतो. असे चित्र त्या दिवशी सगळ्यांना समजते आणि पंधरा दिवसांनी काढणाऱ्यालाही समजत नाही. एका आकृतीत बाणाचा अर्थ एकच ठेवायचा, एवढी एक शिस्त पाळली तरी चित्राचे मॉडेल होऊ लागते.

आम्ही दीडशे पानांचा तपशीलवार दस्तऐवज तयार करतो. तरीही आकृत्या कशाला?

दीडशे पाने वाचून ‘यात काय राहिले आहे’ हे ओळखणे माणसाला फारसे जमत नाही, म्हणून. लिहिलेले वाक्य बरोबर आहे की चूक, हे वाचणारा सांगू शकतो. न लिहिलेले वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही. आकृतीत मात्र रिकामी जागा दिसते. एखाद्या चौकोनातून बाण बाहेरच पडत नाही, निर्णयाच्या ‘नाही’ या फांदीला पुढे काही जोडलेले नाही, तक्त्याचा एक रकाना कोरा राहिला आहे. आवश्यकता गोळा करण्याच्या टप्प्यावर आकृतीचे खरे मोल या कोऱ्या जागेत आहे. सादरीकरण देखणे होते, हा वरकड फायदा.

एक वाक्य घेऊ : ‘सभासदाने आणलेले दूध मोजावे, त्याची फॅट व एसएनएफ तपासावी आणि दरपत्रकानुसार रक्कम काढून पावती द्यावी.’ (एसएनएफ म्हणजे दुधातील फॅट वगळून उरणारे घन पदार्थ.) या वाक्याला कोणीही हरकत घेणार नाही. आता तेच आकृतीत काढायला बसावे. दूध तपासणारे यंत्र एका चौकोनात, आपले सॉफ्टवेअर दुसऱ्या चौकोनात आणि मध्ये एक बाण. बाणावर काय लिहायचे? ‘फॅट’ लिहिले. किती दशांश स्थळांपर्यंत? यंत्र ३.४७ असे दाखवते. दरपत्रकात ३.४ ची ओळ आहे आणि ३.५ ची आहे, ३.४७ ची नाही. पुढचा आकडा सोडून द्यायचा की जवळच्या ओळीवर न्यायचे? गायीच्या दुधाचा मूळ दर सामान्यतः ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरलेला असल्यामुळे हा प्रश्न दर लिटरमागे काही पैशांपुरता उरत नाही. दूध ‘बसले’ की ‘बसले नाही’, असा तो होतो. सेक्रेटरींच्या मनात त्याचे एक उत्तर असते, सभासदाच्या मनात दुसरे आणि प्रोग्रॅमरच्या मनात तिसरे, कारण त्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील फंक्शन जे करील ते त्याने धरलेले असते. वर दिलेले वाक्य चुकीचे नव्हते. त्याने प्रश्न पोटात ठेवला होता आणि बाणावर नाव लिहिण्याच्या सक्तीने तो बाहेर आला.

पहिली आकृती कोणती काढावी?

संदर्भ आकृती. कागदाच्या मधोमध आपल्या प्रणालीचे एकच वर्तुळ काढायचे, त्याच्या आत काहीही दाखवायचे नाही आणि भोवती प्रणालीला माहिती देणारे व तिच्याकडून माहिती घेणारे सगळे मांडायचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टॉम डिमार्को, ख्रिस गेन, ट्रिश सार्सन आदींनी डेटा फ्लो डायग्रॅमची, म्हणजे माहिती कोठून कोठे जाते ते दाखवणाऱ्या आकृत्यांची पद्धत रूढ केली, तिचे हे सर्वांत वरचे पान. संकलन केंद्रासाठी ती काढताना सभासद, टेस्टर (म्हणजे दूध मोजून तपासणारा कर्मचारी), सेक्रेटरी, वजनकाटा आणि तपासणी यंत्र ही नावे पहिल्या पाच मिनिटांत येतात. पशुखाद्याचे दुकान, बँक आणि लेखापरीक्षक थोडे आठवून येतात. दूध संघ बहुधा सगळ्यात शेवटी येतो, आणि तो आला की चर्चेचा रंगच बदलतो, कारण संघ तेच दूध पुन्हा तपासतो, त्याची फॅट वेगळी लागते आणि त्या तफावतीचा हिशेब कोठेतरी दाखवावा लागतो.

या आकृतीला तासाहून अधिक वेळ देऊ नये. पहिल्याच बैठकीत ती पूर्ण झालेली मी अजून पाहिलेली नाही. म्हणून ती भिंतीवर लावून ठेवावी आणि नवे नाव निघेल तसे जोडत जावे.

इतक्या प्रकारच्या आकृत्यांतून निवड कशी करायची?

कोणती गोष्ट सुटली तर सर्वांत महागात पडेल, हा प्रश्न स्वतःला विचारून. काम अनेक हातांतून जाते आणि मध्येच कोठेतरी अडते, अशी भीती असेल तर स्विमलेन पद्धतीची, म्हणजे प्रत्येकाच्या कामाला वेगळा पट्टा असलेली प्रक्रिया आकृती काढावी. कोणती माहिती कोणाची आणि किती, याचा गोंधळ असेल तर ईआर आकृती. एकाच गोष्टीला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे नियम लागत असतील तर अवस्था आकृती. ‘जर असे असेल आणि तसे नसेल तर’ अशा अटींची गुंतवळ असेल तर निर्णय तक्ता. सगळ्या आकृत्या सगळ्या ठिकाणी काढण्याचा आग्रह काही कंपन्यांच्या साच्यांत असतो. त्यातून भरलेल्या फायली तयार होतात आणि त्या पुन्हा कोणी उघडत नाही.

प्रक्रिया आकृती कोणाला विचारून काढावी?

ते काम हाताने करणाऱ्याला विचारून, आणि शक्य असेल तर ते चालू असताना पाहून. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः येथे फसलो आहे.

एका संस्थेच्या कार्यालयात बसून मी संकलनाची आकृती काढली होती : दूध मोजणे, नमुना तपासणे, रक्कम काढणे, पावती देणे, मग पुढचा सभासद. सेक्रेटरींनी ती पाहिली आणि ‘अगदी बरोबर’ म्हणून सहीही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे केंद्रावर उभा राहिलो, तेव्हा तीस-चाळीस माणसे किटल्या घेऊन रांगेत होती. टेस्टर प्रत्येकाचे दूध मोजत होता, त्यातला थोडा नमुना कोड नंबर घातलेल्या बाटलीत काढून रॅकमध्ये ठेवत होता आणि लगेच पुढच्याला बोलावत होता. तपासणी रांग संपल्यावर एकदम होत होती. पावती बऱ्याच जणांना संध्याकाळच्या खेपेला मिळत होती. माझ्या आकृतीप्रमाणे सॉफ्टवेअर झाले असते तर एकाची फॅट लागेपर्यंत दुसऱ्याचे माप घेता आले नसते, आणि ती रांग रस्त्यापर्यंत गेली असती.

सेक्रेटरी खोटे बोलले नव्हते. नियमाप्रमाणे काम कसे व्हायला हवे ते त्यांनी सांगितले, आणि मी ते ‘कसे होते’ म्हणून उतरवले. तेव्हापासून मी दोन आकृत्या वेगळ्या ठेवतो : आज होते ती आणि पुढे हवी ती. स्विमलेनमध्ये प्रत्येक माणसाला स्वतंत्र पट्टा असल्यामुळे काम एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाते ती जागा ठळक दिसते, आणि वाट पाहणे, हरवणे, दोनदा नोंद होणे हे बहुतेक त्याच जागी घडते. त्या जागांवर बोट ठेवून ‘येथे वीज गेली तर?’, ‘येथे बाटल्यांची अदलाबदल झाली तर?’ असे विचारत जावे.

ईआर आकृती ग्राहकाला दाखवावी का? ती तर डेटाबेस करणाऱ्यांची असते.

जरूर दाखवावी, पण वाचून दाखवावी. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये हे मॉडेल मांडले ते डेटाबेसच्या संदर्भात असले, तरी त्यातली प्रत्येक रेघ ही व्यवहारातल्या नात्याविषयीचे विधान असते आणि त्या विधानाचा जाणकार ग्राहकच असतो. कावळ्याच्या पायासारख्या खुणा त्याला समजावत बसू नये. रेघेच्या दोन्ही टोकांकडून एकेक वाक्य म्हणावे : ‘एका सभासदाचा एकच कोड असतो.’ ‘एका कोडवर एकाच माणसाचे दूध येते.’

दुसऱ्या वाक्याला लगेच मान हलते, आडवी. कोड आजोबांच्या नावावर आहे, दूध सून घालते आणि बिल मुलाच्या बँक खात्यात जाते. म्हणजे कोड, सभासद आणि खाते या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि एकाच तक्त्यात त्यांना कोंबले तर पुढे घोटाळा ठरलेला. आजोबा वारले की कोड कोणाच्या नावावर होतो? दिवाळीला वर्षभराच्या दुधावर मिळणारा फरक तेव्हा कोणाला द्यायचा? हे प्रश्न दस्तऐवजातल्या ‘सभासदाची माहिती साठवावी’ या वाक्यातून कधीच निघाले नसते.

अवस्था आकृती नेमकी कधी उपयोगी पडते?

एखाद्या नोंदीला, अर्जाला किंवा ऑर्डरला स्वतःचे आयुष्य असते तेव्हा. डेव्हिड हॅरेल यांचा स्टेटचार्टवरील, म्हणजे अवस्था आकृतीच्या विस्तारित रूपावरील लेख १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पद्धत त्यांनी इस्राएलमधील विमान उद्योगात सल्लागार म्हणून काम करताना घडवली होती. विमानातल्या यंत्रणेसारखीच अडचण दूध संस्थेतही येते : प्रत्येक घटना प्रत्येकाला माहीत असते, पण अमुक अवस्थेत तमुक घटना घडली तर काय, हे कोणी कधी ठरवलेलेच नसते.

मी आकृतीबरोबर तिचा तक्ताही करतो, कारण तक्त्यात कोरे रकाने मोजता येतात. एका वेळच्या दुधाच्या नोंदीसाठी सेक्रेटरींनी सांगितलेले सगळे उतरवल्यावर तक्ता असा दिसला :

| नोंदीची अवस्था | फॅट तपासली | पावती छापली | दुरुस्ती मागितली | बिल पक्के केले |
|---|---|---|---|---|
| मोजलेली | तपासलेली होते | ? | ? | ? |
| तपासलेली | ? | पावती झालेली होते | ? | ? |
| पावती झालेली | ? | ? | ? | बिलात गेलेली होते |
| बिलात गेलेली | ? | ? | ? | ? |

सोळा रकान्यांपैकी तीन भरले, तेरा उरले. त्यांतल्या काहींचे उत्तर ‘असे होऊ देऊ नये’ एवढेच असते, आणि तेही लिहावे लागते. पण पहिल्या ओळीचा शेवटचा रकाना पाहावा : दूध मोजले, तपासणी राहून गेली आणि बिल पक्के करायची वेळ आली. यंत्र बंद होते, नमुना फुटला, काहीही झालेले असेल. आदल्या वेळची फॅट धरायची, मागच्या काही दिवसांची सरासरी धरायची की बिल अडवायचे? ‘दुरुस्ती मागितली’ या स्तंभाच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न त्याहून नाजूक आहे. बिल वाटल्यानंतर चूक कबूल झाली, तर जुनी नोंद बदलायची की पुढच्या बिलात स्वतंत्र ओळ दाखवायची? लेखापरीक्षकांना दुसरा मार्ग हवा असतो, सभासदाला पहिला.

निर्णय तक्ता आणि फ्लोचार्ट यांत फरक काय?

फ्लोचार्ट क्रम दाखवतो. निर्णय तक्ता अटींच्या जोड्या दाखवतो. जेथे क्रमाला अर्थ नाही आणि अटी तीन-चार आहेत, तेथे फ्लोचार्टची जाळी होते.

बिलातील कपात हे त्याचे चांगले उदाहरण आहे. सभासदाचे दहा दिवसांचे बिल १,८४० रुपये झाले. त्यातून पशुखाद्याचे १,५०० आणि उचलीच्या हप्त्याचे १,००० कापायचे आहेत. ६६० रुपये कमी पडतात. ते कोणाच्या वाट्याचे कमी करायचे? मागच्या बिलाची बाकी असेल तर ती आधी की नंतर? घरखर्चासाठी काही किमान रक्कम हातात ठेवण्यास संचालक मंडळाने मान्यता दिली असेल तर? कपात बिलाहून जास्त आहे का, मागील बाकी आहे का, किमान रकमेची सवलत आहे का, अशा तीन हो-नाही अटी घेतल्या की आठ जोड्या होतात, आणि आठही रकान्यांत काय करायचे ते लिहावेच लागते. संचालकांची याच विषयावरची बैठक अशा तक्त्यावर लवकर उरकते, कारण वाद रकान्यापुरता राहतो.

जाता जाता, ‘दहा दिवसांचे बिल’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे हप्ते धरले तर तिसरा हप्ता फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचा आणि जानेवारीत अकरा दिवसांचा असतो.

यूएमएल पूर्ण शिकणे अनिवार्य आहे का?

नाही. ग्रेडी बूच, जेम्स रम्बो आणि इव्हार जेकबसन यांच्या पद्धती एकत्र करून बनलेली यूएमएल ही आकृत्यांच्या खुणांची भाषा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. आज तिच्यात चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत. आवश्यकता गोळा करणाऱ्याला त्यांतील यूज केस (वापरणाऱ्याला प्रणालीकडून करून घ्यायचे एकेक काम), ॲक्टिव्हिटी, अवस्था आणि फार तर क्लास व सिक्वेन्स एवढ्या पुरतात. उरलेल्या मुख्यत्वे रचना करणाऱ्यांसाठी आहेत. प्रक्रियांसाठी बीपीएमएन ही प्रक्रिया आकृत्यांची प्रमाण खूणपद्धत वापरणाऱ्यांनाही हेच लागू पडते. त्यातल्या घटनांच्या डझनभर खुणांपैकी चार-पाच माहीत असल्या की गावातली संस्थाच काय, मध्यम आकाराची बँकही काढून होते.

मॉडेलवरून थेट प्रोग्रॅम तयार करायचा असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये त्या दिशेने मोठे काम झालेले आहे, आणि तेथे खुणेचा काटेकोरपणा सोडून चालत नाही, कारण वाचणारे यंत्र असते. आवश्यकतांची आकृती वाचणारे सेक्रेटरी असतात.

यूज केस आकृतीबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. काडीची माणसे आणि लंबवर्तुळे काढली की काम झाले, असा समज फार पसरला आहे. त्या आकृतीतून फक्त अनुक्रमणिका मिळते. मजकूर म्हणजे प्रत्येक यूज केसचा मुख्य मार्ग, पर्यायी मार्ग आणि अपवाद, आणि ते लिहावेच लागतात.

अजाइल पद्धतीत यूजर स्टोरी असतात. तेथे आकृत्यांना जागा आहे का?

आहे, आणि गरज अधिक आहे. अजाइलमध्ये काम छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये होते आणि वापरणाऱ्याची एकेक गरज एकेका छोट्या स्टोरीत लिहिली जाते. स्टोरी म्हणजे सुटे मणी. कोणता मणी राहिला हे ओवल्याशिवाय कळत नाही. प्रक्रिया आकृती किंवा अवस्था तक्ता भिंतीवर असेल तर प्रत्येक बाणाला स्टोरीचा क्रमांक देता येतो आणि क्रमांक नसलेला बाण उघडा पडतो. सगळ्या आकृत्या आधी पूर्ण करण्याची मात्र गरज नसते. संदर्भ आकृती आणि ढोबळ ईआर आकृती सुरुवातीला, बाकीच्या ज्या स्प्रिंटमध्ये लागतील त्याच्या आठवडाभर आधी, एवढे पुरते.

वेग, सुरक्षितता, भाषा यांसारख्या आवश्यकता आकृतीत कशा दाखवायच्या?

बहुतेक वेळा दाखवू नयेत. वाक्यात लिहाव्यात आणि आकृतीतल्या ज्या जागेला त्या लागू आहेत तेथे क्रमांक द्यावा. ‘पावती पाच सेकंदांत छापली जावी’ यासाठी वेगळे चित्र लागत नाही.

एककांचा विषय मात्र बाणांवरच सोडवावा. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ गमावले गेले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत देत होते आणि पुढचे ते न्यूटन-सेकंद समजून घेत होते. न्यूटन-सेकंदच वापरावेत असे लेखी तपशिलात नमूद होते, तरीही हे घडले. संकलन केंद्रात याचे धाकटे भावंड रोज भेटते : काटा किलो दाखवतो, दर लिटरला असतो, आणि एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. शंभर किलोंचे शंभर लिटर धरले तर जवळजवळ तीन लिटरांचे पैसे जास्त गेले. बाणावर ‘माप’ असे लिहू नये. ‘वजन, किलो, दोन दशांश’ असे लिहावे आणि रूपांतर कोणत्या चौकोनात होते ते दाखवावे. प्रत्येक बाणावरचा शब्द डेटा डिक्शनरीत, म्हणजे माहितीच्या नावांच्या कोशात एकक, मर्यादा आणि उगम यांसह नोंदलेला असला की प्रोग्रॅमर आणि परीक्षण करणारे एकच आकडा बोलतात.

आकृत्या आणि लिखित आवश्यकता एकमेकांना कशा जोडायच्या?

क्रमांकांनी. आयएसओ, आयईसी आणि आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थांच्या २९१४८ या मानकात प्रत्येक आवश्यकता एकेरी, निःसंदिग्ध, पडताळता येण्याजोगी आणि माग काढता येण्याजोगी असावी अशी अपेक्षा आहे. त्यातल्या मागाचे काम आकृतीमुळे सोपे होते. प्रक्रिया आकृतीतील प्रत्येक पायरीला क्रमांक द्यावा आणि ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समध्ये, म्हणजे माग काढण्याच्या तक्त्यात, पायरी, आवश्यकता आणि चाचणी असे तीन स्तंभ ठेवावेत. मग दोन्हीकडून तपासता येते. ज्या पायरीला आवश्यकता नाही तेथे काहीतरी सुटले आहे. ज्या आवश्यकतेला पायरी नाही ती बहुधा कोणाच्या तरी हौसेची आहे. ‘सभासदाचा वाढदिवस पडद्यावर दिसावा’ ही मागणी अशीच एकदा उघडी पडली. ती काढली नाही, पण यादीत खाली गेली.

आकृती मंजूर झाल्यावर नियम बदलले तर?

बदलणारच आहेत; दूध दर तर वर्षात अनेकदा बदलतो. दर बदलणे आणि नियम बदलणे यांत फरक करावा. दर हा दरपत्रकातला आकडा आहे, तो आकृतीत कोठेही नसावा. नियम बदलला तर आधी आकृती बदलावी, मग तिच्या क्रमांकावरून कोणत्या आवश्यकता आणि चाचण्या हलतात ते पाहावे आणि त्यानंतरच खर्चाचा आकडा सांगावा. मंजूर आवृत्तीवर तारीख आणि मंजूर करणाऱ्याचे पद असावे. जुनी आवृत्ती पुसू नये; सहा महिन्यांनी ‘आम्ही असे सांगितलेच नव्हते’ हे वाक्य ऐकू येते, आणि ते दोन्ही बाजूंनी येते.

कोणते साधन वापरावे?

बैठकीत फळा आणि चिकटचिठ्ठ्या. चिठ्ठी सरकवायला संकोच वाटत नाही, संगणकावरच्या रेखीव आकृतीला हात लावायला लोक बिचकतात. त्यानंतर ड्रॉ डॉट आयओसारखे मोफत साधन पुरते. आकृती मजकुरातून तयार करणारी प्लांटयूएमएल किंवा मर्मेड ही साधने प्रोग्रॅमरना आवडतात, कारण काल आणि आज यांत कोणती ओळ बदलली ते दिसते. प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर मर्मेडची आकृती २०२२ पासून थेट उमटते. ग्राहकाला मात्र मजकूर पाठवू नये, छापील पान द्यावे.

आकृतीतील नावे मराठीत असावीत का?

ग्राहक ज्या भाषेत काम करतो त्याच भाषेत असावीत. ‘ॲडव्हान्स’ लिहिले तर सेक्रेटरी मान डोलावतात. ‘उचल’ लिहिले तर विचारतात, ‘कोणती? संस्थेची की पशुखाद्यावरची?’ त्या एका शब्दामुळे दोन स्वतंत्र खाती निघाली. ‘फॅट’, ‘टेस्टर’, ‘कोड’ हे शब्द त्यांचेच आहेत. त्यांना ‘स्निग्धांश’ करायला जाऊ नये. प्रोग्रॅममधील नावे इंग्रजीत राहतील, म्हणून दोन्हींची जोडी डेटा डिक्शनरीत ठेवावी. छापण्यापूर्वी एकदा पीडीएफ उघडून पाहावी. काही साधनांत देवनागरी जोडाक्षरे फुटतात आणि ‘दुरुस्ती’ वाचता येत नाही.

बैठकीच्या नोंदी एआयला देऊन आकृती काढून घेतली तर चालेल का?

पहिला मसुदा म्हणून चालेल. तेरा बाणांची आकृती हाताने जुळवण्यात जाणारा तास वाचतो. धोका असा की अशी आकृती फार पूर्ण दिसते. नोंदीत नसलेल्या ठिकाणी एआय तर्काने बाण जोडतो, तो तर्क बहुधा समंजस असतो, आणि आपल्याला हवी असलेली कोरी जागा बुजून जाते. म्हणून नोंदीत स्पष्ट न सांगितलेल्या प्रत्येक जागी प्रश्नचिन्ह ठेवण्याची सूचना आधीच द्यावी. त्यानंतर आकृती आणि नोंदी शेजारी ठेवून प्रत्येक बाण नोंदीतल्या कोणत्या वाक्यावरून आला ते पाहावे. ज्या बाणाला वाक्य सापडत नाही तो लाल करावा, आणि लाल बाणांचीच यादी घेऊन सेक्रेटरी व टेस्टर यांच्याकडे पुन्हा जावे. त्यांतही टेस्टरकडे आधी.